पाळी चुकली? आधी तपासा

पाळी चार-आठ दिवस पुढे गेली की घरोघरी ठरलेली कारणं निघतात. 'दगदग झाली असेल', 'अशक्तपणा आहे'. बाळ अंगावर पीत असेल, तर 'आत्ता कुठे दिवस जातात?' म्हणून विषयच मिटतो. खरं तर बाळंतपणानंतर पहिली पाळी येण्याआधीही दिवस राहू शकतात. मूल हवं असलेली बाई लगेच तपासणी करते. इतक्यात नको असलेली मात्र भीतीने दिवस ढकलत राहते. घाई खरं तर तिनेच करायला हवी.

कारण डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. नियमित पाळी आठवडाभर चुकली, की पाच आठवडे झालेले असतात. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच करता येतो. म्हणजे हाती उरतो जेमतेम एक महिना. 2021 च्या दुरुस्तीनंतर कायदा 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपाताला परवानगी देतो, काही ठरावीक परिस्थितीत 24 पर्यंत. पण उशीर होईल तशी प्रक्रिया अवघड होत जाते. गर्भनिरोधक फसल्याचं कारण अविवाहित स्त्रीलाही देता येतं. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

मूल ठेवायचं ठरलं, तरी लवकर कळलेलं बरं. बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची जडणघडण सहाव्या आठवड्याच्या सुमारासच होते. फॉलिक अॅसिडची गरज त्याआधीपासूनच असते. रक्तदाब, फिट्स यांची चालू औषधंही डॉक्टरांना विचारून बदलावी लागू शकतात.

तपासणीचं कीट मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं. आशाताईंकडचं 'निश्चय' कीट मोफत असतं. पाळी चुकल्या दिवसापासून तपासणी करता येते. सकाळची पहिली लघवी स्वच्छ वाटीत घ्यायची, पाकिटावर लिहिलेत तेवढे थेंब ड्रॉपरने खाचेत टाकायचे आणि सांगितलेल्या वेळेतच निकाल पाहायचा. 'सी'जवळ एकच रेघ आली तर गर्भ आढळलेला नाही. 'टी'जवळही रेघ आली, अगदी फिकट का असेना, तर दिवस गेले आहेत असं समजायचं. 'सी'ची रेघच उमटली नाही, तर कीट खराब, दुसरं घ्यायचं. निकाल नकारार्थी येऊनही पाळी येत नसेल, तर आठवड्याने पुन्हा तपासायचं, कारण सुरुवातीला एचसीजी हे संप्रेरक दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत असतं. पाळीच अनियमित असेल, तर संबंधानंतर तीन आठवड्यांनी तपासावं.

निकाल होकारार्थी आला आणि ओटीपोटात जोरात दुखतंय, रक्त जातंय किंवा चक्कर येतेय, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. गर्भ नळीत असू शकतो आणि त्यात जिवाला धोका असतो. पपई, काढे, दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या यांच्या नादी लागू नका.

मूल ठेवायचं की नाही, हा निर्णय तुमचा. तो शांतपणे घ्यायला वेळ हवा असेल, तर पाळी चुकल्याच्या आठवड्यातच तपासा. आणि घरातल्या मुलीने, सुनेने कीट मागितलं, तर चौकशा न करता आणून द्या.