तलफ मोजता येईल, पण प्रेम?

रामदासपेठेत तर्री पोह्याच्या गाडीवर उभं राहून परवा एका ज्युनिअरचा सिनॉप्सिस वाचला. (पान तीनवर तर्री सांडली, त्याबद्दल पुन्हा एकदा सॉरी.) विषय होता ख्रिस्ती उपवासकाळ, म्हणजे लेंट, आणि खाण्यापिण्याची तलफ. गृहीतक एका ओळीचं: भक्ती जितकी जास्त, तितकी तलफ कमी.

पोहे संपल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. ती स्वतः ख्रिस्ती घरातली. यंदा तिने राखेच्या बुधवारपासून चहा सोडला होता. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकलं, दुसऱ्या आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी आल्याच्या चहाचा वास आठवायला लागला. तिने मला विचारलं, "म्हणजे माझं सगळ्यात जास्त प्रेम चहावर आहे, असं समजायचं का?"

तुम्ही पेट देऊन संशोधनाच्या तयारीत असाल, तर हे लक्षात ठेवा: बहुतेक सिनॉप्सिसच्या खाली असा एखादा स्वतःचा प्रश्न दबलेला असतो. त्यात वाईट काही नाही. पण तो तसाच गृहीतकात शिरला, की मोजायचं एक आणि निष्कर्ष दुसऱ्याच गोष्टीचा, असा घोळ होतो. कोर्सवर्कमध्ये आपण ज्याला संकल्पनेची वैधता म्हणून पाठ करतो, ती इथेच कामाला येते. तुम्ही तलफ मोजताय. निष्कर्ष प्रेमाबद्दल काढताय. मधला पूल कुणी बांधला?

पूल तसा जुना आहे. बायबलमध्ये गणनेच्या अकराव्या अध्यायात इस्राएली लोक रानात मान्ना खाऊन कंटाळतात आणि मिसरातले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून रडतात. ज्या देशात ते गुलाम होते, तिथलं जेवण त्यांना आठवतं. गुलामी तेवढ्यापुरती बाजूला पडते. त्या प्रसंगावरून ठिकाणाला जे हिब्रू नाव पडलं, त्याचा अर्थच वासनेच्या कबरी. तेव्हापासून ख्रिस्ती विचारात हा संशय राहिला की जीभ कुठे ओढ घेते त्यावरून मन कुणाचं आहे ते कळतं.

ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस 'कन्फेशन्स' लिहायला घेतलं. त्याच्या दहाव्या भागात तो स्वतःच्या खाण्याची झडती घेतो. त्याची अडचण फार प्रामाणिक आहे. अन्न औषधासारखं घ्यावं हे त्याला पटलंय, पण औषध कुठे संपतं आणि चव कुठे सुरू होते, हे त्याला ताटावर बसल्यावर कळत नाही. एखादी सवय एकदाच तोडून टाकता येते, जेवण तसं कायमचं सोडता येत नाही. आणि तो एक महत्त्वाचा फरक करतो. पदार्थ पवित्र की अपवित्र हा प्रश्नच नाही. एलियाने मांस खाल्लं तरी बिघडलं नाही, एसाव साध्या मसुरीच्या आमटीवर फसला. ताटात काय आहे त्यावरून माणूस ओळखता येणार नाही, असं ऑगस्टीन सांगतोय. त्याचं नाव घेऊन पुढच्या लोकांनी बरेचदा उलटंच केलं.

आता आपल्या घरचं उदाहरण. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टरांच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला तिथे बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकल्या आणि शिकवलंही. ख्रिस्ती झाल्या, पण मांस-अंडी खाल्ली नाहीत. त्यांची धर्ममाता मानली गेलेली सिस्टर जेराल्डिन हिला यात जातीचा जुना अभिमान दिसला. रमाबाईंनी पत्रातून दिलेलं उत्तर वाचण्यासारखं आहे. हवं तर माझ्या पुडिंगात आणि मी जाळते त्या कोळशातही गर्व शोधा, असा त्याचा सूर. इंग्रज बाई हिंदुस्थानात राहायला आली आणि तिने आपलं खाणंपिणं बदललं नाही, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हणेल का, असाही त्यांचा प्रतिप्रश्न. आपण हिंदू आहोत हे त्या लपवत नाहीत आणि ख्रिस्तावरचा विश्वासही सोडत नाहीत. ही पत्रं 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली इंग्रजीत छापली. जुन्या ग्रंथालयात विचारून बघा. वाचताना एक भान ठेवा: पत्रं जपली आणि लावली ती जेराल्डिननेच. भांडणातल्या एका पक्षाने केलेली ती फाईल आहे.

इथे माझी कबुली. पहिल्या वर्षी मी या पत्रांवर जी टिपणं काढली, त्यात लिहिलं होतं: "धर्मांतरानंतरही ब्राह्मणी चवीची ओढ कायम." गाईडनी समासात पेन्सिलीने फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं. मला दोन महिने कळलंच नाही काय चुकलं ते. चूक सरळ होती. रमाबाई काय खात नव्हत्या याचा पुरावा माझ्याकडे होता. त्यांना कशाची ओढ होती याचा एकही पुरावा नव्हता. न खाणं आणि हवंसं वाटणं या दोन गोष्टी मी एक केल्या. जेराल्डिननेही नेमकं तेच केलं होतं, फक्त तिच्याकडे मठाचा अधिकार होता आणि माझ्याकडे बॉलपेन.

शिवाय रमाबाईंच्या आयुष्यात भूक ही काही उपमा नव्हती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे 1874 मध्ये दुष्काळात गेले, पाठोपाठ आई आणि बहीण. त्याआधी कुटुंबाने व्रतं केली, दानं दिली, तीर्थं केली आणि शेवटी पानं खाऊन दिवस काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आपलं नागपूर तेव्हा त्याच प्रांताची राजधानी. इथून त्यांनी सुमारे 300 मुली आणि बायका आपल्याकडे नेल्या, त्यातूनच केडगावचं मुक्ती उभं राहिलं. अशा बाईचं कशावर सर्वाधिक प्रेम होतं हे शोधायला पुडिंगमधलं अंडं तपासणं, हे आज हास्यास्पद वाटतं. पण पद्धत तीच ठेवून आपण प्रश्नावली बनवतो, तेव्हा हसू येत नाही.

मानसशास्त्र इथे काय सांगतं ते बघू. 2005 मध्ये कॅव्हना, अँड्रेड आणि मे या तिघांनी तलफेचा एक सिद्धांत मांडला, जो आज बराच वापरला जातो. त्यांच्या मते तलफ दोन टप्प्यांत येते. आधी एक विचार आगंतुकासारखा डोक्यात टपकतो. वास, वेळ, कंटाळा, काहीही त्याला पुरतं. मग आपण त्याला बसायला पाट देतो, म्हणजे त्याचं चित्र रंगवायला लागतो: वाफ, कपाचा गरमपणा, पहिला घोट. हे चित्र रंगवायला मेंदूची जी जागा लागते, ती दुसऱ्या दृश्य कामाने भरली तर तलफ उतरते. 2014 च्या एका प्रयोगात नुसतं तीन मिनिटं टेट्रिस खेळल्यावर लोकांची तलफ कमी झाली. आता विचार करा. टेट्रिसने ज्याची तीव्रता घसरते, ती जर प्रेमाची मोजपट्टी असेल, तर तीन मिनिटांत माणसाचं प्रेमही घसरलं म्हणायचं का?

दुसरा धागा केंट बेरिज यांच्या संशोधनाचा. मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवलेले उंदीर अन्नाकडे जात नाहीत, पण गोड थेंब जिभेवर ठेवला तर चेहऱ्यावर आवडल्याच्या खुणा तशाच उमटतात. हवंसं वाटणं वेगळं, आवडणं वेगळं. आणि माणसाच्या बाबतीत तिसरंही एक आहे: मोलाचं मानणं. तिन्ही बहुतेक वेळा हातात हात घालून चालतात, म्हणून ती एकच वाटतात.

तिसऱ्याचं उदाहरण मला मिनेसोटाच्या उपासमारीच्या प्रयोगात दिसतं. 1944-45 मध्ये अँसेल कीज यांनी 36 तरुण निवडले. हे सगळे युद्धात शस्त्र घ्यायला विवेकाने नकार दिलेले, त्यातले बरेच क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरन अशा शांततावादी ख्रिस्ती पंथांतले. युद्धानंतर उपाशी युरोपला पुन्हा कसं जेवू घालायचं, हे कळावं म्हणून त्यांनी स्वतः सहा महिने अर्धपोटी राहायचं कबूल केलं. हळूहळू त्यांच्या बोलण्यात, स्वप्नात फक्त जेवण उरलं. काहीजण पाककृतींची पुस्तकं गोळा करून कादंबरीसारखी वाचायला लागले. काहींना नियम पाळणं जमलं नाही, अंतिम आकडेवारीत 32 जणच धरले गेले. त्या बत्तीस जणांची तलफ त्या काळात मोजली असती तर काटा टोकाला गेला असता. आणि तरी ते रोज त्याच मापाच्या ताटासमोर बसत होते. तलफ आणि निष्ठा दोन्ही एकाच वेळी वर असू शकतात, हे गृहीतक लिहिताना माझ्या ज्युनिअरच्या आलेखात बसतच नव्हतं.

तिच्या डोकेदुखीचं उत्तर तर आणखी साधं आहे. कॅफिन बंद केल्यावर 12 ते 24 तासांत त्रास सुरू होतो, एक-दोन दिवसांत टोकाला जातो आणि दोन ते नऊ दिवस टिकू शकतो. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकलं ते शरीराचं वेळापत्रक होतं. त्यात श्रद्धेची परीक्षा शोधायला गेलं तर नापास व्हायचीच खात्री.

आता तयारीचं बोलू. पहिली अडचण भाषेची. क्रेव्हिंग मोजायच्या प्रश्नावल्या इंग्रजीत तयार आहेत, 2000 सालची एक 39 विधानांची फार वापरली जाते. पण 'क्रेव्हिंग' मराठीत काय? 'तलफ' म्हटलं की चहा-तंबाखू डोळ्यापुढे येतो. 'चटक' लागते ती वाईट गोष्टीची. 'हाव' म्हणजे सरळ शिवी. 'वासना' शब्दाने तर चर्चमधल्या आजी प्रश्नावली परत देतील. आणि 'डोहाळे'? तीच ओढ, पण गर्भार बाईला झाली की आपण तिचं कौतुक करतो, जेवण घालतो, फुलांचे दागिने घालतो. म्हणजे आपल्या भाषेत ओढ कुणाची आहे त्यावरून तिचा शब्द ठरतो. तुम्ही जो शब्द निवडाल, तो उत्तराआधीच न्याय देऊन मोकळा होतो. म्हणून भाषांतर करून, दुसऱ्याकडून ते उलट इंग्रजीत करून घेऊन भागणार नाही. पाचदहा जणांना आधी नुसतं विचारा की हा शब्द ऐकून त्यांना काय आठवलं. मला स्वतःला शब्द न वापरता प्रसंग सांगणं जास्त बरं वाटतं: "एखादा पदार्थ डोक्यातून जात नाही, असं आज किती वेळा झालं?"

दुसरं, वेळ. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत कॅलेंडरवर 46 दिवस होतात. चाळीस भरतात ते रविवार वगळून, आणि काहीजण रविवारी सोडलेली वस्तू घेतातही. म्हणजे सोमवारी सकाळी घेतलेली नोंद आणि शनिवारी रात्री घेतलेली नोंद एकाच रकान्यात टाकता येणार नाही. थोड्या दिवसांच्या वर्ज्यतेत ठरावीक पदार्थाची ओढ वाढते आणि लांबलेल्या नियमनात ती उतरत जाते, असं आजवरच्या अभ्यासांचं साधारण चित्र आहे. तुम्ही पहिल्या आठवड्यात मोजलंत तर सगळे लोभी, शेवटच्या आठवड्यात मोजलंत तर सगळे संत.

तिसरं, तुलनेचा गट. आपल्याकडे उपवास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी आणि 'एकादशी दुप्पट खाशी'. त्यामुळे हिंदू उपवासाशी तुलना करू, असं पटकन सुचतं. मी म्हणेन, नको. एकात पदार्थ बदलतात, दुसऱ्यात बरेचदा स्वतः निवडलेली एखादी गोष्ट सुटते. त्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चहा सोडलेले ख्रिस्ती आणि लेंटसाठी चहा सोडलेले ख्रिस्ती, ही तुलना छोटी आहे पण तिच्यातून काहीतरी हाती लागेल. रामदासपेठेत दवाखान्यांना तोटा नाही, पहिल्या गटासाठी लांब जावं लागणार नाही. (एथिक्स कमिटीची परवानगी मात्र आधी.)

त्या दिवशी आम्ही गाडीशेजारच्या कट्ट्यावर बसून गृहीतकाची ओळ खोडली. त्या जागी प्रश्न आला: तलफ आल्यावर माणसं ती प्रार्थनेत आणतात की प्रार्थनेबाहेर ठेवतात, आणि त्याने तिची तीव्रता बदलते का? यात प्रेम मोजायचं नाही. तलफेचं लोक काय करतात, तेवढंच बघायचं आहे. आरआरसीसमोर हे टिकेल असं मला वाटतं. "आणि माझ्या प्रश्नाचं काय?" तिने विचारलं. मी म्हटलं, तो सिनॉप्सिसमध्ये बसत नाही, पण तुझ्या फील्डच्या वहीत पहिल्या पानावर तारीख घालून लिहून ठेव. तिने लिहिला. ईस्टरला अजून अकरा दिवस होते, त्यामुळे कटिंग मी एकट्यानेच प्यायलो.