मनावरच्या माराचे काय?

अत्याचार झाला की आपण फिर्याद, पंचनामा, नुकसानभरपाई यांसाठी झटतो. मनावर बसलेल्या माराची नोंद मात्र राहून जाते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणसाची झोप उडाली, तो दचकू लागला, की घरचे ‘बाधा झाली’ म्हणून सैलानीबाबांच्या दर्ग्यावर नेतात. मी त्यांना हसत नाही. मानसोपचाराची वाट त्यांना कुणी दाखवलेलीच नसते. माझ्या वर्गातही अशी मुले बसतात: पुस्तक उघडे, लक्ष दाराकडे.

ही बाधा नव्हे, जखम आहे. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी तिची आजार म्हणून नोंद केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली सुचवलेल्या उपचारांपैकी दोन महत्त्वाचे. एकात प्रशिक्षित तज्ज्ञासमोर रुग्ण ती आठवण बेताबेताने उलगडतो आणि ‘दोष माझाच’ हा समज तपासून पाहतो. दुसऱ्यात आठवण मनात धरून तज्ज्ञाच्या बोटामागे नजर डावी-उजवीकडे फिरवतो. प्रत्येक सभेत हकिगत वदवून घेणे हा उपचार नव्हे. त्याने जखम चिघळू शकते. वाट ठाऊक नसेल तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर विचारावे.

परंतु मारणारा रोज दारावरून जात असेल, तर भीती हा आजार कसा? ते शहाणपण आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५-अ पीडितांना व साक्षीदारांना संरक्षणाचा, पुनर्वसनाचा हक्क देते. असुरक्षित घरात मनाची जखम भरत नाही आणि खचलेल्या साक्षीदाराला कोर्टात उभे राहणे जड जाते. म्हणून संरक्षणाचा अर्ज आणि मनाचा उपचार, कार्यकर्त्यांनी दोन्ही एकाच दिवशी सुरू करावेत.