बारा पिल्ले आणि तीन कोंबड्या

गोरेगाव स्टेशनच्या पूर्वेला उतरून आरेच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात शहराचा गलबला मागे पडतो. मुंबईतले म्हशींचे गोठे शहराबाहेर न्यावेत म्हणून १९४९ साली ही वसाहत उभी राहिली, हे आपणांस ठाऊकच असेल. आरे म्हटले की आपल्याला दूध आठवते. परंतु याच वसाहतीत केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संघटनेचे पश्चिम विभागाचे केंद्रही आहे. यंत्रात अंडी उबवून पिल्ले तयार करणे आणि लोकांना कोंबडीपालन शिकविणे हे त्या केंद्राचे काम. आणि त्याच रानात वारली, मल्हार कोळी, कोकणा या मंडळींचे पाडे आहेत. ते वसाहतीच्या आधीपासूनचे. तिथे अंडी उबविण्याचे काम एका टोपलीत, राख आणि पेंढ्याच्या गादीवर, घरची खुडूक कोंबडी करते.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवितो. कोंबड्या हा माझा पोटापाण्याचा धंदा नव्हे, छंद आहे, आणि तो मी पुस्तकांपेक्षा पाड्यावरच्या एका मावशींकडून अधिक शिकलो. पहिल्याच भेटीत मी त्यांना विचारले, "मावशी, एका वेळी किती पिल्लं निघतात?" त्या म्हणाल्या, "निघतात हो मास्तर, दहा-बारा निघतात. राहतात तीन. बाकीची कुठं जातात ते घारीलाच विचारा!"

मित्रहो, हा हिशेब एकट्या मावशींचा नाही. खेड्यापाड्यांतल्या कोणाही बाईला विचारा, ती थोड्याफार फरकाने हेच सांगेल. आज मला बोलावयाचे आहे ते त्या हरवलेल्या नऊ पिल्लांविषयी.

आधी हिशेब मांडू. गावठी कोंबडी एका पाळीला बारा-पंधरा अंडी घालते. त्याला पंधरा-वीस दिवस जातात. मग ती खुडूक होते. एकवीस दिवस रवणाला बसते, आणि पुढे दोन-तीन महिने पिल्लांमागे फिरते. म्हणजे वर्षात अशा तीनच पाळ्या झाल्या. तीन पाळ्यांतून नऊ कोंबड्या हाती आल्या, त्यांतले निम्मे नर. हीच संख्या तीनवरून सहावर नेली, तर नवी कोंबडी विकत न घेता, जागा न वाढविता, उत्पन्न दुप्पट झाले. अंडी अधिक मिळवावीत कशी याची चर्चा आपण फार करतो. निघालेले पिल्लू जगवावे कसे याची मात्र करीत नाही.

नुकसानीची सुरुवात पुष्कळदा रवण घालण्यापूर्वीच होते. कोंबडीने पंधरा दिवस घातलेली सगळी अंडी आपण एकदम तिच्याखाली ठेवतो. त्यांतली पहिली अंडी तोवर दोन आठवड्यांची झालेली असतात. रवणासाठी अंडे सात दिवसांहून जुने नसावे. म्हणून अंडे मिळाले की त्यावर शिसपेन्सिलीने तारीख घालावी. जुनी खावीत, ताजी रवणाला घालावीत. ती ठेवायची कुठे? उन्हाळ्यात चुलीजवळच्या फडताळात तर मुळीच नाही. खोलीतल्या साध्या उकाड्यानेही अंड्यातला जीव अर्धवट वाढू लागतो आणि मरून जातो. पसरट मडक्यात ओली वाळू घालावी, वर कोरडे फडके अंथरावे आणि त्यावर अंडी ठेवावीत, रुंद टोक वर करून. अंडी धुऊ नयेत. कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात आणि त्यांवर एक नैसर्गिक लेप असतो. तो धुतला गेला की रोगजंतूंना वाट मोकळी होते.

शाळेतली मुले नेहमी विचारतात, दुकानातल्या अंड्यातून पिल्लू का निघत नाही? शिक्षकबंधूंनो, उत्तर सोपे आहे. त्या फार्मवर कोंबडा नसतो. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते, पण त्यात जीव नसतो.

आता खुडूक कोंबडी. ती अंडी देणे थांबविते म्हणून लोक तिच्यावर चिडतात. कोणी तिला पाण्यात बुडवितात, कोणी नाकपुडीत पीस घालतात. परंतु व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींत, अंडी वाढावीत म्हणून माणसाने निवड करून करून हा खुडूकपणा जवळजवळ नाहीसा केला आहे. त्या कोंबड्या अंडी भरपूर देतात, पण ती उबवायला यंत्र लागते. यंत्रात ऊब साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या आसपास राखावी लागते, हवेत ओलावा ठेवावा लागतो, आणि अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात. खुडूक कोंबडी हे सगळे विजेशिवाय करते. हजारो अंड्यांसाठी यंत्र हवेच. पण डझनभर अंड्यांसाठी, विशेषतः वीज जाते-येते अशा गावात, तिच्यासारखी सोय दुसरी नाही. तिच्याखाली मावतील तेवढीच, म्हणजे दहा-बारा अंडी ठेवावीत. टोपलीत उवा होऊ नयेत म्हणून राख आणि कडुनिंबाचा वाळला पाला घालावा, कारण उवांनी बेजार झालेली कोंबडी रवण सोडून उठते. दाणा-पाणी जवळच ठेवावे. दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटे उठेल, तेव्हा घाबरून जाऊ नये.

सातव्या रात्री अंधारात अंडे विजेरीच्या किंवा मोबाइलच्या उजेडावर धरून पाहावे. जीव असेल तर मधोमध काळसर ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. रिकामे अंडे स्वच्छ दिसते. ते काढून टाकावे. ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी दिवसामागून दिवस अंडी फोडून आत काय वाढते ते टिपून ठेवले होते. आपल्या वर्गातल्या मुलांना आता एकही अंडे न फोडता ते पाहता येईल.

एकविसावा दिवस मात्र माणसाच्या धीराची परीक्षा घेतो. माझ्या पहिल्या रवणाच्या वेळी एका अंड्याला सकाळी टोच पडली आणि दुपारपर्यंत पुढे काहीच होईना. मला राहवेना. मी नखाने कवच सोलले. आतून रक्त आले आणि संध्याकाळपर्यंत पिल्लू गेले. मावशींना सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "दार ज्याचं त्यानं उघडायचं असतं, मास्तर." त्यामागचे शास्त्र मला नंतर कळले. टोच पडल्यावरही आतल्या पापुद्र्यातल्या शिरांत रक्त खेळत असते आणि पिवळ्या बलकाचा उरलेला भाग पिल्लाच्या पोटात ओढला जात असतो. या कामाला कित्येक तास लागतात. तोच बलक पुढे दोन दिवस पिल्लाची शिदोरी होतो. म्हणून तर एक दिवसाची पिल्ले खोक्यात घालून दूरच्या गावी धाडता येतात.

पिल्ले निघाली की आपण निर्धास्त होतो. खरे नुकसान इथेच होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोंबडी दहा पिल्ले घेऊन अंगणाबाहेर पडते. घार वरून पाहत असते, बोका कुंपणाशी, मुंगूस बांधाला. आरेत तर रात्री बिबट्याही फिरतो. उपाय साधा आहे. पहिले तीन-चार आठवडे कोंबडी आणि पिल्ले डालग्याखाली किंवा जाळीच्या आत ठेवावीत. डालग्याच्या कडेला पिल्लू जाईल पण मोठी कोंबडी जाणार नाही एवढी फट ठेवून, पलीकडे झाकलेल्या जागी बारीक कणी आणि भरडा ठेवावा. म्हणजे पिल्लांचा घास मोठ्या कोंबड्या खात नाहीत. पाण्याचे भांडे उथळ असावे, त्यात दोन खडे टाकावेत, नाहीतर पिल्लू त्यात बुडते. खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच, जाळी बारीक, आणि दिवेलागणीला दार बंद. मेलेले पिल्लू किंवा आतडी उकिरड्यावर टाकू नयेत, पुरावीत. त्या वासावर कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

केंद्रातून पिल्ले आणली असतील तर त्यांना आई नसते; ऊब आपणच द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात सुमारे पस्तीस अंश, मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. थर्मामीटर नसला तर पिल्लांकडे पाहावे. दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर गारठली आहेत. चोच उघडी टाकून लांब पळाली तर उकडते आहे. सगळीकडे पसरून टिपत असली तर ठीक आहे. एक सावधगिरी सांगतो. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. जुना तारेचा दिवा किंवा उबेसाठीच केलेला दिवाच लावावा.

राहिला रोग. मानमोडीने एका आठवड्यात पाडाच्या पाडा कोंबड्यांविना होतो. हिलाच राणीखेत म्हणतात. औषध नाही, पण लस आहे. साधारण सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांनी टोचणी. अडचण वेगळीच आहे. लशीची एक कुपी शंभर किंवा अधिक पिल्लांची असते, आणि एकदा विरघळविली की बर्फावर ठेवून तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी ती कोण फोडणार? म्हणून लस टळते आणि मानमोडी येते. यावर तोड आहे ती एकीची. पाड्यातल्या सगळ्यांनी एक दिवस ठरवावा, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे आणि पिल्ले एकाच अंगणात आणावीत. शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी ही तारीख फळ्यावर लिहिली, तरी अर्धे काम झाले.

मात्र एकाएकी बऱ्याच कोंबड्या मरू लागल्या, तर त्या हाताळू नयेत, विकू नयेत आणि खाऊही नयेत. दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू आला होता. लपविल्याने तो फक्त पसरतो.

शेवटी एक कटू गोष्ट. निम्मी पिल्ले नर निघतात. अंगणात आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा पुरतो, जास्त झाले की मारामाऱ्या. जास्तीच्या नरांचे काय करायचे, विकायचे, खायचे की कोणाला द्यायचे, हे रवण घालण्यापूर्वीच ठरवावे. पहाटे आरवतो म्हणून मोठा झालेला कोंबडा रस्त्यावर सोडून देणे याला छंद म्हणत नाहीत.

गेल्या पावसाळ्यानंतर मावशींकडे गेलो होतो. तारखा घातलेली अंडी, डालगे, लशीचा दिवस, सगळे झाले होते. मी विचारले, "किती राहिली?" त्यांनी सात बोटे दाखविली. मग अंगणातल्या तलंगांकडे पाहत म्हणाल्या, "एक घारीनं नेलंच. तिलाही पिल्लं आहेत की."

आपल्या अंगणातला हिशेब आपणही मांडून पाहा. किती निघाली आणि किती राहिली, एवढे दोनच आकडे वहीत लिहा. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ यायला लागला, की आपले कोंबडीपालन सुरळीत चालले आहे असे खुशाल समजा.