साठीनंतर अनवाणी

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मडगावात मी चौतीस वर्षे व्यवसाय केला. "रोज अर्धा तास व्यायाम करा" हे वाक्य किती रुग्णांना ऐकवले असेल, याची गणतीच नाही. स्वतः मात्र ते कधी पाळले नाही. यजमानांच्या निधनानंतर दवाखाना बंद केला आणि चालणेफिरणेही घरापुरते उरले. गुडघे कुरकुरू लागले. अशा वेळी मुलाने ब्राझीलमधील साल्वादोर येथे बोलावून घेतले.

हे शहर १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी होते. पोर्तुगीज सत्तेच्या खुणा आम्हा गोवेकरांना परक्या नाहीत. काजू तिकडून आपल्याकडे आला, फणस इकडून तिकडे गेला. पण जहाजांतून माणसेही नेली गेली, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, साखळदंडांत. जुन्या शहरातील पेलोरीन्यो या भागाचे नावच मुळी फटके मारण्याच्या खांबावरून पडले आहे. गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली.

त्याच भागात आफ्रो-ब्राझीलियन लोकनृत्याचा एक वर्ग भरत असे. सूनबाईंनी परस्पर माझे नाव घातले. "मी बसून पाहीन," असे ठरवूनच गेले होते. पण खुर्ची कोणी दिलीच नाही! सारे अनवाणी. कोपऱ्यात आताबाके नावाचे तीन उभे ढोल होते: रुम, रुंपी आणि ले. धाकटे दोन ताल धरून ठेवतात आणि सर्वांत मोठा रुम नर्तकाशी बोलतो.

पहिला पाठ सागरदेवता इयेमान्जाच्या नृत्याचा. गुडघे किंचित वाकलेले, पाठ सैल, हात लाटांसारखे. "पूजा देवळात होते, इथे आपण फक्त नृत्य शिकतो," असे बाईंनी आरंभीच बजावले. या देवतांच्या पूजेसाठी बाईया प्रांतात १९७६ पर्यंत पोलिसांची परवानगी लागत असे, हे ऐकल्यावर त्या बजावण्यामागचा आदर मला उमगला.

मी मात्र मनात एक, दोन, तीन मोजत होते. आयुष्यभर नाडी मोजली ना! बाई जवळ येऊन म्हणाल्या, "डॉक्टर, मोजू नका. ऐका." पाऊल तरीही चुकतच राहिले.

शेवटी सांबा दे रोदा. सर्वांनी वर्तुळ करून टाळ्या धरायच्या, मध्ये एकीने नाचायचे आणि नाभीला नाभी भिडवल्यासारखे करून दुसरीला आत बोलवायचे. पांढऱ्या केसांची एक आजी नाचत थेट माझ्यापुढे आली. दोन वर्षांत मला कोणी असे बोलावले नव्हते. शोकात असलेल्या माणसाला लोक सांत्वन देतात, आमंत्रण देत नाहीत. मी आत गेले. जेमतेम अर्धे मिनिट नाचले असेन. डोळे मात्र बराच वेळ वाहत होते.

सहा आठवड्यांत गुडघे बरे झाले, असे मी म्हणणार नाही. झीज भरून येत नाही. मांडीच्या स्नायूंना बळ आले आणि जिना उतरताना कठडा सुटला, एवढे खरे.

यंदाच्या चतुर्थीला घरच्या बायकांनी फुगडीचा फेर धरला. दरवर्षीप्रमाणे माझ्यासाठी खुर्ची मांडलेली होती. शेजारच्या वहिनीही, गेल्या वर्षीपासून एकट्या पडलेल्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी चपला काढल्या आणि त्यांच्यापुढे हात केला.