विहिरीचा आकडा खरा सांगा



ऑक्टोबरअखेर आमच्या शेतकी खात्याची माणसे दोर, टेप व नोंदवही घेऊन आपल्या विहिरीवर येतील. त्यांना पाहताच पुष्कळांच्या मनात एकच शंका येते, "पाणी कमी लिहिलं की उसाची नोंद कापणार!" मग पाच परस पाण्याचे तोंडी सात परस होते. चिटबॉयही ओळखीचा, तो तेच लिहून घेतो.

दोष एकट्या सभासदांचा नाही. मागे एकदा आम्हीच घाईने पाहणी उरकली. जीप जाईल तेवढ्याच, म्हणजे रस्त्याकडेच्या आणि चारीलगतच्या विहिरी मोजल्या. पाझर मिळणाऱ्या त्या विहिरींचे आकडे छान दिसले व त्यांवर साऱ्या गटाच्या लागणीचा अंदाज बांधला. मे महिन्यात माळावरच्या विहिरी तळाला गेल्या. कित्येकांनी उभा ऊस चाऱ्याला दिला, गाळपाचे गणितही चुकले. सोसायटीचे कर्ज मात्र सभासदाच्या नावावर तसेच राहिले.

आपल्याच जिल्ह्यातले, नगर तालुक्यातले हिवरे बाजार पाहा. पाऊस वर्षाला सरासरी चारशे मि.मी.च्या आसपास. श्री. पोपटराव पवार सरपंच असताना, १९९० नंतरच्या काळात तेथे चर, बांध, झाडे झाली हे सर्वांना माहीत आहे. आमच्या मते त्याहून मोठे काम पुढचे. गाव दरवर्षी पाऊस व विहिरींची पातळी मोजते, हिशेब ग्रामसभेत मांडते आणि रब्बीला काय व किती पेरायचे ते त्यावर ठरवते. पाऊस कमी, तर पेराही कमी. शेतीसाठी बोअर घ्यायला तेथे बंदी आहे आणि उसालाही! साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहावे का, असे कोणी विचारील. जरूर लिहावे. ऊस बंद करा असे आमचे म्हणणे नाही. मोजून ठरवा, एवढेच.

साधा हिशेब करू. एका एकरावर १ मि.मी. पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. सऱ्या भरून दिलेल्या उसाला हंगामात २,००० मि.मी. धरले, तर एकरी ८० लाख लिटर झाले. चारशे मि.मी.च्या गावात पाच एकरांवर पडणारा सगळा पाऊस एक एकर ऊस पिऊन टाकतो. त्यातला किती वाहून जातो नि किती उन्हाने उडतो, ते वेगळेच.

म्हणून यंदा माळावरच्या विहिरीही मोजायच्या आहेत. माप सकाळी मोटर सुरू करण्यापूर्वी घ्यावे, कारण उपसा चालू असता पातळी खोटी दिसते. काठाच्या एकाच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर दर वेळी मोजावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबरात मोजते. आम्हीही तेच महिने धरले आहेत, म्हणजे दोन्ही आकडे ताडून पाहता येतील.

आता नोंदीचे. ती कोठेच कमी होणार नाही, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या शिवारात मे महिन्यात पाणी टिकत नाही, तेथे आडसालीऐवजी थोडी सुरू लागण, तीही ठिबकवर, अशीच शिफारस करू. ठिबकचे संच, कंपोस्ट, बेणे यांची खरेदीही याच पाहणीवरून ठरावी असा आमचा आग्रह आहे. आजवर ज्याचा आवाज मोठा त्या गटाकडे माल आधी जाई. माती परीक्षणात जमीन खारवट निघाली, तर तेथे फुले २६५ चे बेणे देणे बरे. चांगल्या निचऱ्याच्या रानाला त्याची गरज नाही.

माप घेताना घरातील कोणी तरी विहिरीवर हजर राहावे. नोंदवहीवर सही करण्यापूर्वी आकडा स्वतः वाचावा आणि चुकीचा वाटला तर तेथेच पुन्हा दोर सोडायला लावावा.