सहावीच्या गणिताची पूर्वतयारी

जून महिन्यात शाळा उघडतात आणि सहावीत गेलेली अनेक मुले गणिताला भिऊ लागतात. अडचण बहुधा नव्या धड्यात नसून कच्च्या राहिलेल्या अपूर्णांकांत असते, असा आमचा अनुभव आहे.

मूल १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिते. पालकांनी न रागावता विचारावे, ‘अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा मिळवला, तर उत्तर अर्ध्याहून कमी कसे येईल?’ भाकरीचे सहा समान भाग केले, की तीन आणि दोन मिळून ५/६ होतात, हे मूल स्वतःच सांगते. छेद समान करणे म्हणजे तुकडे समान करणे, एवढे उमगले की पुढील बीजगणितही सुसह्य होते.

आपल्या शहरातून कन्नडचा घाट उतरले, की चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या आरंभी तेथे मठ स्थापिला. भास्कराचार्यांनीही ‘लीलावती’त भुंगे, हंस, मोर अशा ओळखीच्या गोष्टींतूनच उदाहरणे घातली आहेत.

मुलाने रोज पाच उदाहरणे स्वतःच्या हाताने सोडवावीत व चुकलेली पायरी शोधावी. त्या चुकीची लाज वाटू न देणे, हे मात्र आपणा वडीलधाऱ्यांचे कर्तव्य होय.