पाण्याखालच्या नांगराची खूण

अमेरिकेच्या मेन राज्यात हिवाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून घेतल्या जातात. मात्र त्यांना जखडून ठेवणारे ग्रॅनाइटचे अवजड ठोकळे व साखळ्या तळाशीच राहतात. खुणेचा फुगीर बोया बर्फात अडकून साखळीसह ओढला जाण्याची भीती असते. म्हणून त्याच्या जागी उभा तरंगणारा निमुळता दांडा, म्हणजेच ‘विंटर स्टिक’, बांधतात. तोही हरवला तर? जीपीएसच्या नोंदीत काही मीटरचा फरक पडू शकतो. गढूळ पाण्यात तेवढे अंतरही पुष्कळ. अशा वेळी जुनी युक्ती उपयोगी पडते. होडीतून किनाऱ्यावरील दोन स्थिर खुणा एका रेषेत दिसतात, तशाच दुसऱ्या दिशेच्या आणखी दोन. या रेषा जेथे छेदतात, तेथे दोरीला बांधलेला लोखंडी आकडा तळाशी फिरवून साखळी पकडता येते. मात्र या खुणा होडी काढण्यापूर्वीच टिपून ठेवायला हव्यात.